वाचकांचे प्रश्न : अनुभव नाही, तरी दोघांनी परदेशात इंग्रजी शिकवायला जावे का?

प्रश्न : ताई, आम्ही पेडणे तालुक्यातले नवरा-बायको. मी ३४ वर्षांची, बी.ए., एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. हे ३८ वर्षांचे, बी.कॉम., मोरजीच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. सीझन संपला की यांचा पगार अर्ध्यावर येतो. मूल नाही, घरी सासूबाई आहेत. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचे दोघांनीही मनावर घेतले आहे, पण वर्गात आम्ही कधीच उभे राहिलेलो नाही. एक एजंट दोघांचे मिळून अडीच लाख मागतो. आधी टुरिस्ट व्हिसावर थायलंडला जा, पुढचे तिथे होईल, असे म्हणतो. इंग्रजी शिकवण्याचे १२० तासांचे ऑनलाइन सर्टिफिकेट पुरते का? दोघांना एकाच शाळेत नोकरी मिळते का? यांच्या आजोबांची जन्मनोंद पोर्तुगीज काळातली आहे, तर पोर्तुगीज पासपोर्ट आधी काढावा का? आणि सासूबाईंचे काय करावे ते तर सुचतच नाही. तुम्ही दोघेही असेच गेला होता असे कळले, म्हणून विचारते.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : एजंटाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. बाकी सगळे सावकाश बोलू, पण हे आजच्या आज.

टुरिस्ट व्हिसावर शिकवणे हा तिथे गुन्हा आहे, आणि पकडले जाल ते तुम्ही. एजंट म्हापशातच असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाने बोलावलेल्या भारतीय तरुणांना सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते. त्यांना दाखवलेली नोकरी शिक्षकाची नव्हती, पण ‘आधी या, मग बघू’ ही वाट तीच होती. परदेशात माणसे पाठवणाऱ्या एजंटाला मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याचे नाव ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येते. एका माणसामागे ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. अडीच लाखांचा हिशेब त्याच्याकडून कागदावर मागा. आम्हाला तर नोकरीसाठी एजंट लागलाच नाही. शाळांना आम्ही स्वतः पत्रे लिहिली, साठेक तरी. उत्तरे आली चार.

आता आमचे थोडे सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. आम्ही डिचोलीचे. यजमान बी.एस्सी. केमिस्ट्री, खाणीवरच्या लॅबमध्ये खनिजाचे नमुने तपासायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि दोन महिन्यांत त्यांच्या हातात काही उरले नाही. मी पतसंस्थेत क्लार्क होते. मुलगा फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर. तेव्हा मी ४१ वर्षांची, हे ४६. मे २०१४ मध्ये आम्ही दक्षिण थायलंडातल्या त्रांगला गेलो आणि मार्च २०२० पर्यंत तिथे शिकवले. म्हणजे वयाची भीती तुम्ही बाळगू नका. तुमच्या पत्रात ती नाहीच, पण कोणीतरी घालेल.

भीती बाळगावी अशी गोष्ट वेगळी आहे. माझा पहिला तास मला अजून दिसतो. समोर सातवीची अडतीस मुले. सगळी उभी राहून एका सुरात म्हणाली, ‘गुड मॉर्निंग, टीचर.’ मी पंचवीस मिनिटे वर्तमानकाळ समजावून सांगितला, फळा भरून टाकला आणि विचारले, ‘अंडरस्टँड?’ अडतीस जणांनी ‘येस, टीचर’ म्हटले. मग एका मुलीला मी वाक्य करायला सांगितले. ती हसत राहिली, आणि थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले. माझे इंग्रजी बरे होते, व्याकरण पाठ होते, तरी त्या मुलीला मी काहीच दिले नव्हते. भाषा येणे आणि भाषा शिकवणे ही दोन कामे आहेत, हे मला परदेशात, कोणाच्या तरी लेकराच्या खर्चाने कळले. तुम्हाला ते इथे, पेडण्यात कळावे, म्हणून हे उत्तर एवढे लांबवते आहे.

माझा आग्रह एकच आहे. जाण्याआधी निदान सहा महिने दोघांनीही इथे शिकवा. वेगवेगळ्या वर्गांना, आणि स्वतंत्र. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तुमच्याच तालुक्यात किती मुलांना मुलाखतीपुरते इंग्रजी हवे आहे! हॉटेलांत काम करणारी, टॅक्सी चालवणारी माणसे आहेत. पंचायतीचा हॉल नाहीतर देवळाचा सभामंडप मागा. आठवड्याला तीन संध्याकाळी पुरेत. तुमच्या यजमानांनी फ्रंट ऑफिसला एवढी वर्षे काढली आहेत. रूमचे बुकिंग, तक्रार, पत्ता सांगणे, बिलावरचा वाद हे सगळे त्यांना तोंडपाठ. त्याचेच धडे करायचे. एक जण पाहुणा, एक जण रिसेप्शनवर, आणि शिक्षकाने कमीत कमी बोलायचे. तासाभरात मुले तुमच्यापेक्षा जास्त बोलली का, एवढे एकच मोजा. मी पुढे वहीत रेघा ओढून मोजत असे. पहिल्या महिन्यात माझ्याच रेघा जास्त असायच्या.

आणि ‘समजले का?’ हा प्रश्न कायमचा सोडा. त्याऐवजी काही करायला द्या. ‘काल मी बाजारात गेले’ हे वाक्य कळले का ते बघायचे असेल तर विचारा, मी आत्ता बाजारात आहे का? आज की काल? उत्तरातच कळते.

आता सर्टिफिकेट. १२० तासांची ऑनलाइन सर्टिफिकेटे अनेक आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांत एकही जिवंत विद्यार्थी समोर येत नाही. कागदपत्रांत तो कागद चालून जातो, वर्गात उपयोग होत नाही. केंब्रिजचे सेल्टा हे प्रमाणपत्रही साधारण १२० तासांचेच आहे. पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना, तेही दोन पातळ्यांच्या, शिकवावे लागते. मागे प्रशिक्षक बसून टिपणे घेत असतो. ते महाग आहे आणि पूर्णवेळ केले तर महिनाभर दुसरे काही सुचत नाही. आता ते ऑनलाइनही करता येते. दोघांचा खर्च झेपत नसेल तर आधी एकाने करावे आणि रोज संध्याकाळी दुसऱ्याला शिकवावे. मात्र दुसऱ्याला प्रमाणपत्र लागेलच, हे धरून चाला. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. तेवढा धीर असेल तर मी तेच सुचवीन, कारण आखाती देश आणि मालदीवच्या शाळा भारतीय शिक्षकांना घेतात, पण शिक्षणशास्त्राची पदवी बघतात.

जगात सगळीकडे इंग्रजी शिक्षक हवेत हे खरे. ते सगळीकडे भारतीय पासपोर्टवर घेतले जात नाहीत, हेही खरे. जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेले असते. दक्षिण कोरियाचा भाषा-शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरता आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. जपानच्या शाळांत परदेशी भाषा शिकवायची तर त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. मी चौथीपर्यंत मराठीतून शिकले, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. पाचवी ते बी.ए. मोजले तर अकरा वर्षे भरली. एका वर्षाने हुकले! गोव्यात आपल्या पिढीच्या पुष्कळ जणांचा हाच हिशेब निघेल. तुम्हीही मोजून बघा. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये पदवी, शिकवण्याचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला असला तर वाट आहे. थायलंडमध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना बहुधा टोइक किंवा आयेल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही दाखवावे लागतात. शिक्षणशास्त्राची पदवी नसेल तर तिथली शिक्षक परिषद दोन-दोन वर्षांची तात्पुरती परवानगी देते, तीही मोजक्या वेळा. म्हणून जन्मभराचा बेत तेवढ्यावर बांधू नका.

पगारातही फरक केला जातो. मला सुरुवातीला महिना १८,००० बाट होते. तेव्हा एक बाट जवळपास दोन रुपयांचा होता. त्याच शाळेत, त्याच इयत्तेला शिकवणाऱ्या ब्रिटिश मुलाला माझ्या दुप्पट. तो एकवीस-बावीस वर्षांचा, पहिलीच नोकरी, मुलगा चांगला होता. मला ते लागले आणि आजही मी त्याला अन्यायच म्हणते. पण त्या वर्गात माझ्याजवळ एक गोष्ट होती जी त्याच्याजवळ नव्हती. इंग्रजी मी शिकले होते. ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे हे मराठीतून आलेल्या मला कोणीतरी शिकवावे लागले होते, आणि थाई भाषेतही हा प्रकार नाही. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. शब्दाच्या शेवटचा ‘स’ थाई जिभेवर टिकत नाही, ‘बस’चे ‘बट’ होते. मुले कुठे अडखळतात ते मला आधी कळायचे, कारण पाचवीत मीही ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच म्हणत होते आणि बाईंनी ओठांवर बोट ठेवून ते सोडवून घेतले होते. तीच खूण मी त्रांगमध्ये वापरली. मुलाखतीत कोणी विचारले की तुमची मातृभाषा इंग्रजी नाही, मग तुम्हाला का घ्यावे, तर हे सांगा, मान वर करून. उच्चार मात्र स्वच्छ हवेत. कोणासारखे बोलायची गरज नाही. रोज दहा मिनिटे स्वतःचे वाचन फोनवर रेकॉर्ड करून ऐका.

यजमानांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळालीच नाही. तिथल्या बऱ्याच शाळांत ‘इंग्लिश प्रोग्राम’ असतो, त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. भारतीय शिक्षकांना तिथे मान आहे. ह्यांना विज्ञान मिळाले. तुमच्या यजमानांचे बी.कॉम. आहे, खालच्या वर्गांचे गणित त्यांना जमत असेल तर तीही तयारी ठेवा.

आता एकाच शाळेत दोघे. मागा जरूर, पण त्यावर विसंबू नका. मला आधी नोकरी मिळाली, ह्यांना चार महिन्यांनी, आणि ती माझ्या शाळेपासून २८ किलोमीटरवर. नवऱ्याला किंवा बायकोला सोबत राहण्याचा व्हिसा मिळतो, पण त्यावर काम करता येत नाही. वर्क परमिट ज्याचे त्याचे वेगळे. परमिट नसताना फुकट शिकवणेसुद्धा कामच धरले जाई. ते चार महिने आमच्या संसारातले सर्वांत कठीण. सव्वीस वर्षे नोकरी केलेला माणूस भाड्याच्या खोलीत बसून माझ्यासाठी भात-आमटी करून ठेवायचा आणि मी घरी आले की शाळेत काय झाले ते विचारायचा. मी थकलेली असे, तुटक उत्तर देई. पुढे त्यांना शाळा मिळाली तेव्हा मी दुसरी चूक केली. एका समारंभात चार लोकांसमोर त्यांचे इंग्रजी दुरुस्त केले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्यासमोर इंग्रजी बोललेच नाहीत. तुम्ही दोघे एकाच पेशात नवखे असाल, एक जण लवकर पुढे जाईल. कोण ते आज सांगता येणार नाही. घरी आल्यावर पहिला तास शाळेचे बोलायचे नाही, आणि एकमेकांचा धडा बघायचा तर त्याने बोलावल्यावरच, हे दोन नियम आम्ही तेव्हा केले आणि अजून पाळतो.

पैशांचा बेत एका पगारावर करा. खोलीचे भाडे आमचे ३,५०० बाट होते, जेवण स्वस्त, स्कूटर भाड्याची. पण जाताना सहा महिन्यांचा दोघांचा खर्च आणि परतीच्या तिकिटांचे पैसे बँकेत हवेत. घर किंवा सोने गहाण ठेवून जाऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

कागदपत्रांना सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि बायकांना जास्तच. माझी पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडे लग्नात नावही बदलतात, त्यामुळे दोन वेगळ्या बायका वाटाव्यात असे कागद. त्यात गोव्याच्या आडनावांची स्पेलिंगे: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे, शाळेच्या दाखल्यावर वेगळे. सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला आणि नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र घेऊन मी तीन महिने फिरले. गोव्यात प्रत्येक लग्नाची नोंद होते, हा आपला मोठा आधार. त्याच्या नव्या प्रती आत्ताच काढा. दोघांच्या सगळ्या कागदांवरची नावे एका पानावर शेजारी-शेजारी लिहा, एक अक्षर जरी वेगळे असेल तर आधी ते सोडवा. पदवीवर आधी राज्याचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. काही देशांना मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का पुरतो, काहींना त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. शाळेला विचारून मगच करा, नाहीतर पैसे दोनदा जातात. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो. तो शेवटी काढा, कारण जुना झाला तर चालत नाही. व्हिसासाठी आम्हाला मुंबईच्या थाई वकिलातीत जावे लागले होते, आता अर्ज ऑनलाइन करता येतो. तिथे पोचल्यावर मूळ व्हिसा तीन महिन्यांचा असतो, मग वर्षाची मुदतवाढ, आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणे. शाळेने हे करून देते असे लेखी दिले आहे का, करारात बघा.

पोर्तुगीज पासपोर्टचे थोडक्यात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना तो मागता येतो हे खरे, पण तो घेतलात की भारतीय नागरिकत्व जाते. युरोपात राहण्या-काम करण्याची मुभा मिळते, इंग्रजी शिकवण्याची पात्रता नाही. शिवाय त्या कागदांना वर्षे लागतात. शिक्षक व्हायचे म्हणून तो काढू नका. युरोपात स्थायिक व्हायचे असेल तर तो निराळा निर्णय, त्याचा निराळा विचार करा.

तिथे गेल्यावर काय मिळाले, तेही लिहायला हवे, नाहीतर हे पत्र नुसत्या इशाऱ्यांचे होईल. थाई भाषेत शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला ‘गुरू’. भाषेला ‘फासा’. जूनमध्ये एका गुरुवारी शाळेत ‘वाय ख्रू’ होतो. मुले गुडघ्यांवर रांगत येऊन शिक्षकांना फुलांचा द्रोण देतात. पहिल्या वर्षी माझ्या ओंजळीत जो द्रोण आला त्यात इक्झोराची लाल फुले होती, वांग्याची फुले होती, आणि दुर्वा. डिचोलीच्या परसातल्या त्याच दुर्वा! तो द्रोण मला त्या पहिल्या तासाला डोळे भरून आलेल्या मुलीने दिला. वर्षअखेरीला ती एक पूर्ण वाक्य बोलली, तिच्या आजीच्या रबराच्या बागेविषयी. ‘माय ग्रँडमदर वर्क्स अ‍ॅट नाइट.’ रबराचा चीक पहाटेआधी काढतात म्हणून. ‘वर्क्स’मधला शेवटचा ‘स’ तिने स्वच्छ म्हटला.

सासूबाईंविषयी. थाई सरकारी शाळांचे वर्ष मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते, ऑक्टोबरात सुट्टी असते. म्हणजे दिवाळी कधीतरी साधते, गणपतीची चवथ कधीच नाही. आमच्या घरची, गणपतीवर टांगायची माटोळी सहा वर्षे मुलाने बांधली, माझ्या जावेने पातोळ्या केल्या, आणि दरवर्षी त्या दिवशी मी शाळेत होते. सासूबाई २०१७ मध्ये आजारी पडल्या तेव्हा हे रजा घेऊन आले, मला येता आले नाही. हे आधी जाणून असा. तुम्ही मला विचारले तसे त्यांना विचारले आहे का? त्या कोणाबरोबर राहतील, रात्री दुखले-खुपले तर दार कोण वाजवेल, औषधांचे पैसे कोणाच्या खात्यातून जातील हे त्यांच्यासमोर बसून ठरवा. त्या नाही म्हणाल्या तर एकाने आधी जावे, एक वर्ष. तेही वाईट नाही. आमचे ते चार महिने वाचले असते.

मेच्या सत्राच्या नेमणुका मार्च-एप्रिलमध्ये होतात. तुमच्याजवळ वेळ आहे. हॉल मिळाला, पहिली पाच-दहा माणसे जमली की पहिल्या धड्याचा आराखडा मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, दोघांचा वेगवेगळा. मी वाचून, समासात लिहून परत पाठवीन.